जादूगाराचा जीव कोठे असतो?

आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. येथे मित्रांमुळे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची ओळख झाली आणि तो पोपट पुन्हा भेटला!

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ १९७४ साली निघाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. यशापयश फासे ठरवतात. त्यातील जादूगारांचे मरण टाळण्याचे तीन मार्ग मला अभ्यसनीय वाटले. नियम २०१४ च्या आवृत्तीतील आहेत.

पहिला मार्ग औषधाचा. एका मात्रेने वय ७ ते १२ वर्षांनी उतरते. पण पुढच्या प्रत्येक मात्रेगणिक वय उलट तितकेच वाढण्याचा धोका १० टक्क्यांनी चढतो.

दुसरा प्रतिदेहाचा. स्वतःच्या मांसाच्या तुकड्यापासून बंद पात्रात १२० दिवसांत दुसरे शरीर तयार होते. मूळ देह पडला की आत्मा तेथे जातो.

तिसरा ‘लिच’ होण्याचा. जादूगार आपला जीव एका डबीत लपवतो. देह नष्ट झाला तरी १ ते १० दिवसांत नवा मिळतो. मात्र त्या डबीला इतरांचे आत्मे पुरवावे लागतात.

पहिल्या दोन मार्गांत धोका व खर्च ज्याचा त्याचा. तिसऱ्यात किंमत दुसराच मोजतो, म्हणूनच लिच खलनायक ठरतो. अमर होता येईल का, यापेक्षा कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

गोष्टीच्या शेवटी राजपुत्र पोपटाची मान मुरगळी. सगळे सुखावत, मी मात्र आजीला विचारी, “पोपटाचा काय अपराध?”