दुकानातला शेअर फोल्डर कोणाकोणाला उघडतो?

सांगली मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची अडत असो की साताऱ्यातलं हार्डवेअरचं दुकान, दोन-तीन कॉम्प्युटर आले की सेटिंग ठरलेलं. एकावर टॅली, तिचा डेटा फोल्डर शेअर, परमिशनमध्ये 'एव्हरीवन – फुल कंट्रोल', आणि कटकट नको म्हणून पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद. जोडून देणारा पोरगा दहा मिनिटांत मोकळा. पण आता तुमच्या वायफायवर आलेला कोणीही, अगदी व्हायरससुद्धा, तुमची खाती पुसू शकतो.

हे किती महागात जातं बघा. जून 2017 मध्ये न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क गटाचं टर्मिनल ठप्प झालं. व्हायरसचं नाव नॉटपेट्या. सुरुवात युक्रेनमध्ये, तीही एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमध्ये, म्हणजे एसएमबी 1 मध्ये, असं भोक होतं की पासवर्ड नसतानाही बाहेरचा आत शिरायचा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. पण खरी गोम पुढे आहे. अपडेट केलेले कॉम्प्युटरही गेले, कारण नॉटपेट्या एका कॉम्प्युटरमधून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्यात राजरोस शिरायचा. मर्स्कला सुमारे 45,000 कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. आपल्याकडे तीनच असतात, पण उधारीची सगळी यादी त्यांच्यातच की!

म्हणून नुसतं अपडेट पुरत नाही. बिलिंगवाल्या पोराला अ‍ॅडमिन लॉगिन देऊ नका, साधा युजर काढा, आणि सगळ्या कॉम्प्युटरला एकच पासवर्ड ठेवू नका. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. तिथून 'एव्हरीवन' काढा, फक्त लागतात ती नावं घाला. शेजारचा सिक्युरिटी टॅबही बघा. दोन्हींत जो नियम कडक, तोच नेटवर्कवरून लागू होतो. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी 1 ची खूण असेल तर काढा. जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन त्यावर अडून बसतं कधीकधी, ते आधी तपासा.

एक अडचण राहतेच. बिल करणाऱ्याला टॅलीच्या डेटात लिहायचा हक्क द्यावाच लागतो. त्याच्याच कॉम्प्युटरवर व्हायरस आला तर? त्यासाठी रोज संध्याकाळी बॅकअप, आणि बॅकअपची डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्कही व्हायरस खातो.

सगळं झालं की आधी कधीच न जोडलेला लॅपटॉप वायफायला लावा आणि फोल्डर उघडून बघा. पासवर्ड न विचारता उघडला, तर काम अजून बाकी आहे.