गडावर श्रमदानाला जाण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात बावीस वर्षांचा एक तरुण दवाखान्यात आला. दंड आणि मांड्या इतक्या दुखतात की हात वर करून केस विंचरता येत नाहीत, ही तक्रार. लघवी कशी होते, असे विचारल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कोऱ्या चहासारखी होतेय." परभणीतल्या कापड दुकानात काम करणारा हा मुलगा चार दिवस सह्याद्रीतल्या एका गडावर श्रमदान करून आला होता. ढासळलेल्या पायवाटेचे दगड उचलायचे, मातीत बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करायच्या, हे काम. अंगापिंडाने मजबूत, निर्व्यसनी पोरगा. तरीही रक्ताच्या तपासणीत त्याची मूत्रपिंडे निम्म्या ताकदीनेही काम करत नसल्याचे दिसले. नांदेडला हलवावे लागले. आठ दिवस सलाईनवर राहून तो बरा झाला, डायलिसिसची वेळ आली नाही, हे नशीब.

परवा तोच पुन्हा आला आणि विचारू लागला, "डिसेंबरात परत चाललोय, जाऊ का?" मी म्हणालो, जरूर जा. पण मागच्या वेळी काय झाले ते आधी समजून घे. त्याला जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे.

अनेक दिवस घराबाहेर राहून अंगमेहनतीची सेवा करणे आपल्याकडे नवे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तिची सात दिवसांची निवासी शिबिरे आपल्यापैकी अनेकांनी केली असतील. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे भरवलेल्या श्रमसंस्कार छावणीने तर कित्येक तरुणांना घाम गाळायला शिकवले. आता गडसंवर्धनाची ओढ वाढली आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभर जागत जायचे आणि सकाळी गडाच्या पायथ्याशी हजर व्हायचे, असा मुलांचा शिरस्ता आहे. पुरातत्त्व आणि वन खात्याच्या परवानग्या आयोजक काढतात. शरीराची परवानगी मात्र कोणी विचारत नाही.

मुले म्हणतात, "आम्ही परभणीचे. चव्वेचाळीस अंशांत वाढलो. तिकडे पारा पस्तीसच्या वर जात नाही." नेमकी इथेच फसगत होते. आपल्या घरातला कूलर आठवा. मे महिन्यात तो थंडगार वारा देतो आणि पावसाळा लागला की नुसता चिकटपणा वाढवतो. हवा कोरडी असेल तरच पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. आपला घामही त्याच न्यायाने चालतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. तोच घाम टपटप गळून जमिनीवर पडला तर त्याने शरीराला काहीही गारवा मिळत नाही, पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. परभणीचे ऊन कोरडे, कोकणच्या अंगाची हवा दमट. तेथे बत्तीस अंशांतही घमेले वाहणारा माणूस आतून तापत जातो.

दुसरे असे की, उन्हात राहणे आणि उन्हात राबणे यांत फरक आहे. दुकानात पंख्याखाली बसणाऱ्याला चव्वेचाळीस अंशांचा सराव झालेला नसतो. शेतमजुराला झालेला असतो. हा सराव खराखुरा शारीरिक बदल आहे. रोज उन्हात थोडे थोडे कष्ट केले की चार-पाच दिवसांत नाडीची धडधड कमी होऊ लागते, घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ घटते. पूर्ण सराव होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात आणि काम थांबवले की दोन-तीन आठवड्यांत तो बराचसा ओसरतो. शिबिर चार-पाच दिवसांचे, म्हणजे तेथे सराव होईपर्यंत परतीची गाडी धरायची वेळ येते. म्हणून सराव घरूनच करून निघावे.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज शेतात किंवा मोकळ्या जागेत कुदळ-फावडे हाती घ्यावे. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरे, मग वाढवत तासा-दीड तासावर न्यावे. आपला मुलूख सपाट, त्यामुळे उतरण्याची सवय नसते आणि स्नायूंना अधिक इजा चढताना नव्हे, उतरताना होते. जिंतूरजवळ नेमगिरीचा डोंगर आहे. दोन-तीन रविवार तेथे चढ-उतार केला तरी मांड्या तयार होतील. गडावरही पहिल्या दिवशी निम्म्याहून कमी काम करावे. रात्रभर जागरण करून आल्यावर तर नक्कीच. सगळे राबत असताना आपण बसायचे कसे, अशी लाज मुलांना वाटते, ती आयोजकांनी मोडायला हवी. सकाळी लवकर काम, अकरा ते चार सावली, हा नियम त्यांनीच घालावा.

त्या मुलाच्या बाबतीत घडले ते असे. सवय नसलेल्या कष्टाने आणि उष्णतेने त्याचे स्नायू अक्षरशः फुटले. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचे लालसर द्रव्य असते, ते रक्तात उतरले आणि मूत्रपिंडात जाऊन बसले. त्यात पाणी कमी प्यालेला. वर, अंग दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेत होता. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरातले पाणी घटलेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. तेव्हा शिबिरात या गोळ्या खिशात नकोतच. दुखणे असह्य झाले आणि लघवी चहाच्या रंगाची दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. कामात असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, पण तासाला दीड लिटरहून अधिक नको, कारण नुसतेच पाणी अतोनात प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होते. जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे व मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. गडावरच्या टाक्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासाने प्यावे, कितीही नितळ दिसले तरी.

उष्माघाताविषयी एक जुना समज दूर केला पाहिजे. घाम थांबला तरच उष्माघात, असे लोक मानतात. कष्टाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खूण आहे ती बोलण्यात आणि चालण्यात. सोबती असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत घेऊन अंगावर भराभर पाणी ओतावे, कपडे सैल करावेत, वारा घालावा. आधी गार करणे, मग हलवणे. १०८ क्रमांकाला फोन एकाने करावा, बाकीच्यांनी पाणी ओतत राहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही.

दगड उचलताना विंचवाची आठवण ठेवावी. रायगडाच्या परिसरात, महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे काम केले ते साऱ्या जगाने मानले. ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. लाल विंचवाच्या विषाने हृदय थकते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले आणि पूर्वी पटापट दगावणारे रुग्ण वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण काय करावे? दगड आधी पहारेने उलटवावा, मग जाड हातमोजे घालून उचलावा. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर मांत्रिक नको, रुग्णालय हवे. साप चावल्यास चिरा पाडू नये, दोरी आवळू नये, तो अवयव हलू न देता रुग्णाला उचलून न्यावे. कड्यावर आग्यामोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरड टाळावी.

धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर निघण्याआधी घ्यावी. नवे बूट गडावर पहिल्यांदा घालू नयेत. पाण्याचा फोड आला तर कातडी सोलू नये, स्वच्छ पट्टी बांधावी. ज्यांना जिना चढताना छातीत दुखते, जे रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेतात, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. स्वयंपाकाची बाजू सांभाळणे हेही श्रमदानच आहे.

घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर "मी जंगलात राबून आलोय, टाक्यातला गाळ काढलाय" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. नाहीतर आम्ही मंडळी टायफॉइड-मलेरियातच घुटमळत राहतो. गाळातून लेप्टोस्पायरोसिस होतो, गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी सिगारेटने डागल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण दिसू शकतो. रुग्णाला तो ठाऊकही नसतो, म्हणून कपडे काढून नीट पाहावे लागते. दोन्ही आजारांवर डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध लागू पडते, मात्र ते पहिल्या काही दिवसांत सुरू व्हायला हवे.