धावणारी माणसं फोटोत कधी आली?

प्रश्न : जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत माणसं ताठ बसलेली असतात. पण १९३०-४० च्या सुमाराच्या, परदेशी समुद्रकिनाऱ्यांवरच्या फोटोंत लोक धावताना, उड्या मारताना, मानवी मनोरे रचताना दिसतात. हा बदल कशामुळे झाला?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बदल आधी काचेत झाला. १८५१ पासून रूढ झालेल्या पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घेऊन तो लगेच धुवावा लागे. समोरच्याला बहुधा काही सेकंद स्तब्ध राहावं लागे. किनाऱ्यावर जायचं तर अंधारी राहुटीही सोबत न्यायची! १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली. ती काच सुधारत गेली, तसं सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागलं.

त्यात किनारा म्हणजे उजेडाची खाण. वाळू आणि पाणी ऊन परत फेकतात, म्हणून शटर झटकन उघडून मिटलं तरी फिल्मला प्रकाश पुरतो.

१९०० साली एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि सहलीला गेलेली कुटुंबं स्वतःच फोटो काढू लागली. अशा डबा कॅमेऱ्याचं शटर मात्र संथ असे; धावणारा पाय त्यात पुसट होई. मनोरा किंवा हातांवर तोललेलं शरीर क्षणभर स्थिर राहतं. ते साध्या कॅमेऱ्यातही स्वच्छ येई.

खरी धाव पकडली ती मार्टिन मुंकाची यांच्यासारख्यांनी. बुडापेस्टमध्ये ते खेळांचे फोटो काढत. १९३३ मध्ये अमेरिकेत ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी त्यांनी लुसिल ब्रोकॉ या मॉडेलला लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर चक्क धावायला लावलं. फॅशनचे फोटो तोवर बहुतेक स्टुडिओत, उभं करून काढले जात. लाटांकडे झेपावणाऱ्या तीन आफ्रिकी मुलांचा त्यांचा फोटो पाहूनच पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेले आंरी कार्तिए-ब्रेसाँ छायाचित्रणाकडे ओढले गेले.

तेव्हा जुना अल्बम उघडाल, तर हातापायांच्या कडा निरखा. एखादा हात पुसट दिसला, म्हणून फोटो बिघडला असं समजू नका. त्या दुपारी ते माणूस कॅमेरा विसरून खेळत होतं, याची ती खूण आहे.