गुडघ्याचा पट्टा : आधार घ्या, हालचाल सोडू नका

वाढत्या वयात गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजते. जिना चढताना, खाली बसून उठताना वेदना होतात. अशा संधिवातात नी-कॅप, म्हणजेच ताणला जाणारा मऊ पट्टा, सांध्याला ऊब व आधार देतो. गुडघा सावरलेला वाटल्याने चालणे सुकर होते. मात्र झिजलेली कूर्चा पट्ट्याने भरून येत नाही.

पट्टा कसा वापरावा?
• गुडघ्याचा घेर मोजून वेष्टनावरील तक्त्यानुसार माप निवडावे.
• पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत.
• चालताना व काम करताना वापरावा, झोपताना काढावा.
• त्वचा रोज तपासावी. पट्टा सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा.

वेदना कमी झाल्यावर व्यायाम अवश्य करावा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, 5 सेकंद तसाच धरावा व सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने 10 वेळा करावे. मांडीचे बळकट स्नायू हाच गुडघ्याचा टिकाऊ आधार होय. वजन जास्त असल्यास ते 1 किलोने घटले तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे 4 किलोने हलका होतो.

मधुमेह किंवा पायांतील रक्तवाहिन्यांचा विकार असल्यास पट्टा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पाय बधिर झाल्यास, पावलाचा रंग बदलल्यास अथवा पोटरी सुजल्यास पट्टा तत्काळ काढावा व वैद्यकीय सल्ला घ्यावा. गुडघा अचानक लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे.