रविवारचे पत्रकार

नोकरी, स्वयंपाक आणि बदलापूर लोकल यांतून उरलेले रविवार मी मुक्त विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या वर्गाला दिले. प्रमाणपत्र कपाटात आहे. बाकी जे हाती लागलं, ते असं:

१. वय वाढलं म्हणून लिहिणं सुधारत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यात पावसाळ्यात उल्हास नदीच घरोघरी येते, त्यामुळे मला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. पण शेजारच्या बाकावर रात्रपाळी संपवून आलेला सुरक्षारक्षक बसायचा. त्याची बातमी आठ ओळींत संपायची, माझी तोवर प्रस्तावनाच चाललेली असायची.

२. कोणासाठी लिहायचं हे ठरलं की निम्मं काम होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. हे मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. उमगलं ते इमारतीच्या फळ्यापाशी. पाणी येणार नसल्याची सूचना ‘सर्व सभासदांस’ होती. भाडेकरू म्हणाले, आम्ही कुठे सभासद?

३. बातमी खोटी नसते तेव्हाही अपुरी असू शकते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका देशाने पाहिली. त्याच पुराचं पाणी बदलापूर पश्चिमेच्या नदीकाठच्या घरांतही शिरलं होतं. ती बातमी मागे पडली, याचा आधी मला राग यायचा. आता वाटतं, गाडीची बातमी मोठी होतीच. भिजलेल्या गाद्यांची आणि पिठाच्या डब्यांची बातमी लिहायला मात्र गल्लीतलंच कुणीतरी लागतं.

४. बातमीच्या सहा ककारांतला (कोण, काय, कुठे, कधी, का, कसं) ‘कधी’ सर्वांत गरीब. ‘धरणाचे दरवाजे उघडले, सावध राहा’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात फिरतो. त्यात सगळं असतं, तारीख तेवढी नसते. ‘कधीचा आहे हो?’ एवढंच विचारलं, तर ग्रुपवर आपण आगाऊ ठरतो.

५. न सांगणं हेही संज्ञापनच, आणि तेच सगळ्यात जड. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, त्या दिवसांत शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “तू पत्रकारिता शिकतेस ना गं? मग कोणाची मुलगी, ते कळलं असेल.” पोक्सो कायद्याचं कलम २३ मला पाठ होतं: पीडित बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. मी ते ऐटीत ऐकवलं. “म्हणजे तुलाही माहीत नाही,” काकू म्हणाल्या. खरंच नव्हतं. पण ते वाक्य मला झोंबलं, आणि का झोंबलं याचा विचार मी अजून करते आहे.