कतारचा पगार आणि कलमांची बाग

प्रश्न : माझे मिस्टर सहा वर्षं कतारला ड्रायव्हर आहेत. महिन्याला ४० हजार रुपये ते इथल्या आपल्या जुन्या बचत खात्यावर पाठवतात. एटीएम कार्ड माझ्याकडे असतं. व्हिसासाठी काढलेलं कर्ज फिटलं, घरावर स्लॅब पडला, मुलांची फी भागते. शिल्लक मात्र राहत नाही. शेजारची आंब्याची बाग विकाऊ आहे. कर्ज काढून ती मिस्टरांच्या नावावर घेऊ का? शिवाय या पैशावर मला टॅक्स लागेल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, बागेचं टोकन अजून देऊ नका. ‘फेमा’ कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. तुमच्या नावावर घ्यायची तर कूळ कायद्याप्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. माहेरच्या वा सासरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, ते आधी पाहा. बागेचा सातबाराही काढा. कोकणात त्यावर मुंबईकर चुलत्यांसकट कितीतरी नावं असतात आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय अख्खी बाग तुमची होत नाही.

टॅक्सची काळजी सोडा. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर तिला प्राप्तिकर नाही. त्यातून तुम्ही ठेव केलीत, तर व्याज त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं.

खातं मात्र ताबडतोब बदला. परदेशी नोकरीला गेलेल्याला साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ करावं लागतं. पगारासाठी ‘एनआरई’ खातं उघडायला सांगा. त्याच्या व्याजावर इथे प्राप्तिकर नाही. त्यांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलं, की घरखर्चाचे व्यवहार तुम्ही स्वतःच्या सहीने कराल. आज कार्ड बंद पडलं तर चूल अडेल, कारण त्या खात्यावर तुमचा काहीच अधिकार नाही.

कर्जफेड, स्लॅब, फी यांतला एकही खर्च मला वायफळ वाटत नाही. पण माणूस आखातात आहे म्हटलं, की देवळाच्या वर्गणीपासून उसनवारीपर्यंत सगळे याच दारात येतात. म्हणून पगार जमा होताच, कुणी काही मागण्याआधी, पाच हजार एनआरई आवर्ती ठेवीत वळते होऊ द्या. त्यांना तिथे पेन्शन नाही. नोकरी सुटताना कतारच्या कायद्याने वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार मिळतो. करारात मूळ पगार किती लिहिला आहे, ते पुढच्या सुट्टीत दोघांनी बसून वाचा.