मुखपट्टीतील वीज

२०२० साली कोविडच्या साथीत डॉक्टर व परिचारिका ‘एन-९५’ मुखपट्टी वापरत. चाचणीत ती सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवते. तिच्या धाग्यांमधील फटी तर याहून मोठ्या! मग कण अडतात कसे? धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे धागे कण ओढून घेतात.

तुटवड्यामुळे तीच मुखपट्टी पुन्हा वापरावी लागे. ती अल्कोहोलने पुसली तर स्वच्छ दिसेल. पण विद्युतभार नाहीसा होऊन संरक्षण घटेल. हे ठाऊक असणे मोलाचे होते.

परंतु ठाऊक असून भागत नाही. नाकाशी फट राहिली, तर हवा तिथूनच शिरते. म्हणून दर वेळी कडा तपासाव्या लागतात. ज्ञान हाताच्या सवयीत उतरले, तरच ते जीव वाचवते.